पडद्याच्या मधोमध

हिरामण बोरसे हा माणूस मला पहिली काही वर्षं अजिबात आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी पहिल्यापासून त्यांच्या बाजूची होते. नव्हते.

ब्याण्णव साली बाबांची बँकेतली बदली नाशिकहून सुरतेला झाली आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हातात घेऊन मीही त्यांच्यामागून आले. उधन्याच्या एका लहानशा कारखान्यात नोकरी लागली. तिथे पॉवरलूमला लागणारी कार्डं बनायची. कार्ड म्हणजे तो हिरवा पत्रा, ज्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात आणि त्या रेघांवर सुटे भाग सोल्डर करतात. सूत तुटलं की माग आपोआप थांबवायचा, हे आमच्या सगळ्यांत जास्त खपणाऱ्या कार्डाचं काम. सर्किट आम्ही डिप्लोमावाले कागदावर काढायचो. पण त्या कागदावरून पत्र्यावरच्या रेघांचं चित्र तयार करायचं काम एकट्या बोरसेभाऊंचं.

चाळिशीचा, उंच, हडकुळा माणूस. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मूळचे शिंदखेड्याकडचे. धुळ्याला आयटीआय करून सुरतेत आले आणि दहा वर्षं लिंबायतला मागांच्या शेडमध्ये, सुरतेच्या भाषेत खात्यात, वायरमन होते. तिथे आमचंच एक बिघडलेलं कार्ड त्यांनी असं काही दुरुस्त केलं की आमचे शेठ जयंतीभाई त्यांना सरळ स्कूटरवर बसवून घेऊन आले.

मी गेले तेव्हा चित्र हातानं व्हायचं. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वर पारदर्शक फिल्म, आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या एकेक करून चिकटवायच्या. भाऊ नाक फिल्मला लागेल इतके वाकून बसायचे. ब्लेडनं पट्टी कापताना श्वास रोखायचे, कापून झाली की सोडायचे. सकाळी आल्या आल्या पहिली दहा मिनिटं ते काहीच करायचे नाहीत, फक्त सामान लावायचे. पट्ट्यांची रिळं रुंदीप्रमाणे ओळीत, ब्लेड उजव्या हाताशी, चिमटा त्याच्यावर आडवा. "आधी जागा, मग काम," म्हणायचे. कुणी चिमटा उचलून दोन इंच पलीकडे ठेवला, की हात मूळ जागेवर जाऊन रिकामा थांबायचा आणि भाऊ नुसते स्तब्ध व्हायचे. ओरडायचे नाहीत. आपणच ओशाळून चिमटा जागेवर ठेवायचा.

काम त्यांच्याइतकं सुबक मी नंतरही पाहिलं नाही. माझं पहिलं सर्किट त्यांच्याकडे दिलं तेव्हा ते बराच वेळ कागद डोळ्यांशी धरून बसले आणि म्हणाले, "ताई, करंट जायचा रस्ता सगळे काढतात. त्याला घरी परत यायचं बी राहतं ना. तो रस्ता आधी काढत जा." डिप्लोम्याच्या तीन वर्षांत हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. पण मी वयानं लहान होते, डिप्लोमा ताजा होता, त्यामुळे शिकण्याऐवजी मला रागच आला.

शिवाय त्यांची तऱ्हाच मला घमेंडीची वाटे. समोरून गेलं तर ओळखीचं हसायचे, पण बाजूनं गेलं, जिन्यात शेजारून गेलं, तर मान वळवायचे नाहीत. कधी खांदा लागायचा. "ध्यान नव्हतं," एवढंच म्हणायचे. हिवाळ्यात पाचलाच निघायचे, काम कितीही असो. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे थांबले तरी हे नाहीत.

एकदा तर मी फार दुखावले. माझ्या मोठ्या बहिणीला मुलगा झाला, मी मावशी झाले, म्हणून पेढे घेऊन गेले होते. सगळ्यांना वाटत वाटत भाऊंच्या टेबलाशी आले. ते कामात होते. मी डावीकडे उभी राहून खोका पुढे केला. "भाऊ, मी मावशी झाले."

"वा वा! फार चांगलं झालं," ते म्हणाले. हात पट्टीवरच. नजर फिल्मवर. मी खोका धरून उभी. दोन क्षण, चार क्षण. मागून कुणीतरी हसलं. मी झाकण लावलं आणि जागेवर येऊन बसले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं आणि ते पाळलंही.

पंचाण्णव सरता सरता शेठनी कॉम्प्युटर घेतला. त्यावर कार्डाचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर. अहमदाबादहून एक इंजिनिअर दोन दिवस शिकवायला आला. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की खुर्चीत मी बसणार. मीही. पण भाऊ नवा शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले. इंग्रजी जेमतेम अक्षरं लावण्यापुरतं. त्यांनी प्रत्येक आज्ञेचं चित्र वहीत काढून घेतलं आणि खाली मराठीत लिहिलं: जोड, तोड, फिरव, पुस, मोठं कर.

तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर पडद्याची पार उलथापालथ. त्या सॉफ्टवेअरमध्ये मधोमध मोठी मोकळी जागा असायची, चित्र काढायला, आणि आज्ञांच्या चित्रांच्या पट्ट्या चारही कडांना चिकटलेल्या. पट्टी माऊसनं पकडून ओढली की कडेपासून सुटून येते आणि हवी तिथे ठेवता येते, हा शोध भाऊंना लागला होता. आयुष्यात प्रथमच मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं. "ताई, हे बघा, उपटून निघते! कुठे बी ठेवा!"

त्यांनी सगळ्या पट्ट्या उपटून मध्ये आणल्या. चित्राची जागा वहीच्या पानाएवढी लहान केली आणि तिच्या चारी बाजूंनी आज्ञा खेटून बसवल्या. माऊसच्या बाणाऐवजी पडदाभर जाणाऱ्या दोन रेघा घेतल्या, एक आडवी, एक उभी. जिथे छेदतात तिथे आपण. जमीन काळी, रेघा पिवळ्या. जास्त लागणाऱ्या आज्ञा डाव्या हाताच्या बोटांखालच्या अक्षरांना बांधल्या. पडद्याच्या चारी कडा ओसाड आणि मध्ये ही गर्दी.

"एवढं मोठं मैदान मिळालंय आणि भाऊ ओसरीवर खेळतायत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. सगळे हसले. भाऊही हसले. "मला सगळं हाताशी लागतं, ताई."

तीन महिन्यांनी तो इंजिनिअर तपासणीला आला. भाऊ जेवायला गेले होते. त्यानं पडदा पाहिला, हसला आणि एक आज्ञा देऊन सगळं मूळपदावर आणून ठेवलं. भाऊ परतले, खुर्चीत बसले आणि नुसते बघत राहिले.

"कोणी केलं हे?"

"बोरसेभाई, बधुं वेरविखेर हतुं," इंजिनिअर खुशीत म्हणाला. "सरखुं करी आप्युं." म्हणजे सगळं विस्कटलेलं होतं, ते नीट लावून दिलं.

भाऊ उठले. इतक्या झपाट्यानं, की शेजारचं स्टूल पायाशी आडवं झालं. "वेरविखेर? तुला कोणी सांगितलं वेरविखेर होतं म्हणून? माझी जागा होती ती! माझी!" आवाज फुटला होता. आम्ही सगळे चक्रावून गेलो. एवढ्यातेवढ्या गोष्टीवरून? दोन दिवस खपून त्यांनी ते पुन्हा जसंच्या तसं लावलं. मग ती मांडणी फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि फ्लॉपी शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. मला तो शुद्ध हेकटपणा वाटला.

अठ्ठ्याण्णवला नवं सॉफ्टवेअर आलं. तोवर आमच्याकडे तीन कॉम्प्युटर झाले होते. शेठ मला म्हणाले, तिन्ही पडदे सारखे दिसले पाहिजेत, म्हणजे कुणीही कुठेही बसून काम करेल. भाऊंची जुनी फ्लॉपी नव्यात चालत नव्हती. मी चार दिवस बसून एक मांडणी तयार केली. मला तिचा अभिमान होता. मध्ये मोठ्ठी मोकळी जागा, आज्ञा कडेला नीट गटागटानं, आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट, जिथे एखादी जोडणी राहिली किंवा दोन रेघा एकमेकींना खेटल्या की लाल अक्षरात सूचना उमटायची.

भाऊंना दाखवली. मला वाटलं होतं ते भांडतील. ते शांतपणे म्हणाले, "मेहनत घेतली ताई तुम्ही." आणि कामाला लागले. त्या आठवड्यात ते डबा खायला उठत नव्हते. मला वाटलं, रुसलेत.

दहा-बारा दिवसांनी नव्या कार्डांची पहिली मोठी खेप बनून आली आणि चाचणीत एकही कार्ड चालेना. एका कोपऱ्यात एक जोडणी राहून गेली होती. सगळी खेप फुकट. शेठ सगळ्यांसमोर ओरडले, "आ शुं कर्युं, बोरसेभाई? वीस वरसना अनुभवी माणसथी आवुं थाय?" भाऊ खाली मान घालून म्हणाले, "माझी चूक, शेठ."

दुपारी चूक कुठे झाली ते शोधायला मी त्यांच्या शेजारी बसले. फाईल उघडली. खालच्या कोपऱ्यात लाल ओळ आली. चांगली ठसठशीत.

"भाऊ, हे तर सांगतंय की. तुम्हाला दिसलं नाही?"

"कुठे?"

"हे काय. खाली, उजवीकडे."

त्यांनी मान वळवली. आधी जास्तच खाली, टेबलावर. मग वर. मग डावीकडून हळूहळू, अंधारात भिंत चाचपावी तशी नजर सरकवत सरकवत आणली, आणि ती त्या लाल ओळीवर येऊन थांबली. "हां. इथे आहे होय," ते म्हणाले.

दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

त्यांनी टेबलावरचा फिल्मचा काळा तुकडा उचलला, अंगठ्याएवढ्या जाडीची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "एक डोळा मिटा. यातून बघा."

मी पाहिलं. त्यांचं नाक आणि अर्धी मिशी.

"एवढंच?"

"मागच्या वर्षी मनगटाएवढं होतं. धुळ्याचे डॉक्टर म्हणतात, डोळ्याचा पडदा कडेनं सुकत येतोय. मध्ये येऊन थांबेल की नाही, ते सांगत नाहीत. आईचं असंच झालं होतं. संध्याकाळनंतर तर काहीच नाही."

म्हणजे पाच वाजता निघणं. म्हणजे जिन्यातला खांदा. म्हणजे मी चार दिवस खपून त्यांची प्रत्येक वस्तू उचलून त्यांच्या नजरेबाहेर नेऊन ठेवली होती, आणि हा माणूस रोज आठ-दहा तास मान फिरवून फिरवून ती शोधत बसला होता.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही मेहनतीनं लावलं होतं. आणि बोललो असतो तर का म्हणून विचारलं असतं."

मग मला राहवलं नाही. पेढ्यांचं बोलले. किती वर्षं मनात धरून बसले होते तेही. त्यांचा चेहरा पडला. "पेढे होते? ताई, खरं सांगतो, मला वाटलं तुम्ही नुसतं सांगायला आल्या. माझ्या मनात आलं बी होतं, पेढे नाही दिले."

शेठला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मुलगी ज्योती दहावीला होती, तिचं व्हायचं होतं. पण त्यांनी मलाही एक अट घातली. "माझं प्रत्येक कार्ड तुम्ही तपासा. ज्या दिवशी मला न दिसलेली चूक तुम्हाला दिसेल, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. मी उठेन. पण तोवर बसू द्या." मी हो म्हटलं.

पुढचं वर्षभर आम्ही दोघांनी मिळून त्यांच्यासाठी नवी मांडणी केली. जेवणाच्या सुट्टीत इतर खाली गेले की भाऊ पडद्याच्या मधोमध नजर लावून बसायचे आणि मी कडेकडून पेन्सिलीचं टोक आत सरकवत आणायचे. टोक दिसलं की ते म्हणायचे, "आली." तिथे मी काचेवर तेलकट पेन्सिलीनं ठिपका द्यायचे. असे चहूबाजूंनी ठिपके. मग माऊसनं एकेक आज्ञा त्या ठिपक्यांच्या आत आणून बसवायची. क्वचितच लागणाऱ्या आम्ही काढूनच टाकल्या. लाल सूचनेची चौकट चित्राच्या अगदी बुडाशी आणली. ते त्या पडद्यावर असे काही काम करायचे की मी बघत राहायचे. बोटं अक्षरांवर, नजर एका जागी रोवलेली, आणि पिवळ्या रेघा पाण्यासारख्या वाट काढत जाणाऱ्या.

दर दोन-तीन महिन्यांनी ठिपके पुसून नवे द्यावे लागायचे. नवे नेहमी आतच पडायचे. "आली" हा शब्द मला उशिरा उशिरा ऐकू यायला लागला. एकदा मी लबाडी केली. टोक आत गेलं होतं तरी ठिपका जुन्याच जागी दिला. भाऊंनी आज्ञा शोधायला माऊस नेला, सापडली नाही. ते म्हणाले, "ताई, खरं तिथे द्या. खोटं देऊन मला तिथं दिसणार आहे का?"

एकदा त्यांच्या घरी गेले होते, नवागामला. दिंडोलीकडे जाताना डावीकडे वळून गल्लीत दोन खोल्या. वहिनींनी "या ना ताई, बठा," म्हणून चटई टाकली. शेवभाजी, भाकरी. दिवेलागणीची वेळ झाली तरी भाऊंनी दिवा लावू दिला नाही. खिशातून शर्टाचं एक पांढरं बटण काढलं आणि दाराबाहेरच्या फरशीवर टाकलं. "ज्योती, बटण पडलं बेटा. शोध बरं."

ज्योती वैतागली. "पप्पा, रोज काय ओ तुमचं बटण पडतं!" पण उठली. अंधुक उजेडात इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन उचलून आणून दिलं. भाऊंनी ते मुठीत धरलं आणि मोठ्यानं हसले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. ज्योती आत गेली. वहिनी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "तिले दिसस. रोज एवढं दखतस, मंग जेवतस." मुलीला दिसतंय, हे रोज पाहिल्याशिवाय त्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या कार्डात मला पहिली चूक सापडली. एक बारीकशी रेघ एका सुट्या भागाच्या पायाच्या अगदी जवळून गेली होती. लाल सूचना आलेली होती, त्यांच्या चौकटीतच आलेली होती. म्हणजे आता तिथेही दिसत नव्हतं.

मला त्यांना सांगायचं होतं. मी त्यांच्या टेबलापर्यंत गेलेसुद्धा. ते ज्योतीच्या फटाक्यांबद्दल काहीतरी सांगत होते. मी परत आले, रेघ सरकवली, फाईल सेव्ह केली आणि फिल्म काढायला पाठवून दिली. डिसेंबरात पुन्हा एक. जानेवारीत आणखी एक. प्रत्येक वेळी मी गुपचूप दुरुस्त करत गेले. ज्योतीची अकरावी आहे, मग बारावी येईल, कसंतरी ओढून नेऊ, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला ते वाक्य तोंडानं बोलायचं नव्हतं. एवढंच.

फेब्रुवारीत एका सकाळी मी आले तर भाऊ खिडकीशी उभे. एका तयार कार्डाची फिल्म उजेडावर धरून, भिंग डोळ्याला लावून बोटभर बोटभर तपासत होते.

"ताई, हा कोपरा कोणी वळवला?"

मी जवळ जाऊन फिल्म पाहिली.

"मी दोन पायांमधून जाताना दोन्हीकडे सारखी जागा सोडतो. इथे डावीकडे जास्त आहे. हा हात माझा नाही."

"भाऊ, अगदी बारीक गोष्ट होती..."

"किती वेळा?"

"तीनदा."

"पहिली कधी?"

"दिवाळीआधी."

त्यांनी फिल्म गुंडाळली. बराच वेळ गुंडाळत राहिले. "म्हणजे दिवाळीपासून मी त्या खुर्चीत बसायला नको होतं. आणि बसलोय." मग माझ्याकडे वळले, पण नजर माझ्या कानाजवळ कुठेतरी. "मला डोळ्यांचा भरवसा नव्हता म्हणून तुमच्यावर ठेवला होता, ताई."

रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी ते शेठकडे गेले आणि सगळं सांगून आले. दार उघडंच होतं. जयंतीभाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "पहेलां केम ना कह्युं, बोरसेभाई?" आधी का नाही सांगितलं, एवढंच. त्यांनी स्टोअरमध्ये बसायला जागा देऊ केली. भाऊ म्हणाले, "स्टोअरमध्ये वस्तू शोधायच्या राहतात, शेठ." शेठनी डोळे पुसले.

महिनाअखेरीला शेवटचा दिवस. खाली चहा-फरसाण झालं, शाल-नारळ झाला. मग भाऊ मला म्हणाले, "चला, वर चला. एक काम राहिलं आहे."

ते खुर्चीत बसले. पडदा सुरू केला. मधोमध ती गर्दी, जेमतेम पोस्टकार्डाएवढी. "आता इथे तुम्ही बसणार. तुम्हाला मोकळं लागतं."

"भाऊ, मी नंतर करते ना..."

"नाही. मी लावलं होतं, मीच काढतो."

त्यांनी पहिली पट्टी माऊसनं पकडली आणि उजवीकडे ओढायला लागले. ती त्यांच्या नजरेतून केव्हा बाहेर गेली ते मला कळलं, कारण त्यांची बुबुळं थांबली आणि हात मात्र पुढे जात राहिला. "लागली का कडेला?"

"नाही अजून. थोडं आणखी."

"आता?"

"लागली."

अशी एकेक. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यांनी विचारायचं, मी सांगायचं. शेवटची पट्टी 'पुस'ची होती. तीही गेली. मग त्यांनी चित्राची चौकट चारही बाजूंनी ताणून कडेपर्यंत नेली आणि पडदाभर काळी मोकळी जमीन झाली.

"आता विचारेल, ही मांडणी ठेवायची का म्हणून," ते म्हणाले. "हो म्हणा."

मी 'हो'वर बोट दाबलं. त्यांनी क्षणभर तळहात पडद्याच्या काचेवर ठेवला, गरम आहे का पाहावं तसा, आणि उठले. जिन्यावरून मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच. फाटकाशी वहिनी आल्या होत्या. "येत जा ताई घरी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, येणार, येत्या रविवारीच येते.

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी काम होतं. मग मला त्यांची जागा मिळाली, पगार वाढला, आणि त्यानंतर तर तोंड घेऊन जायचा धीरच होईना. काय सांगणार होते? त्यांच्या खुर्चीत बसून काय काय केलं ते? महिने गेले. नवागामकडून येणारं कुणी भेटलं की विचारायचे, बोरसेभाऊ कसे आहेत. आहेत, म्हणायचे. आता अजिबात दिसत नाही, म्हणायचे.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी मी रिक्षानं कामावर चालले होते. उधन्याच्या भाजीबाजारापाशी गर्दीत रिक्षा अडकली. पाहते तर चार हातांवर भाऊ. वहिनी हातगाडीवर वांगी निवडत होत्या आणि ते त्यांच्या मागे, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून उभे. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दुसऱ्या हातात पिशवी. वाळले होते. वहिनींची माझ्याकडे पाठ होती.

उतरायला हवं होतं. पाच मिनिटंच उशीर झाला असता. मी बसून राहिले. मनात आलं, वहिनी वळल्या नाहीत तर प्रश्नच नाही, कारण भाऊंना तर मी दिसणार नाही. हे असंच आलं, अगदी या शब्दांत.

पुढची वाट मोकळी झाली. "चालो भाई, जल्दी करो," मी रिक्षावाल्याला म्हणाले.

भाऊंनी मान वर केली. चेहरा माझ्या दिशेला वळला, जरा तिरपा, आणि तसाच थांबला. ओठ हलले. रिक्षा निघाली.